साहेबांच्या घरची कपात

"क्लबची वर्गणी?" सल्लागाराने विचारलं.

"कापा," बाई म्हणाल्या.

त्याने ती ओळ अशी खोडली, की कागद फाटायचाच बाकी राहिला.

नव्या वर्षाचा पहिला रविवार होता. या आठवड्यात लोक व्यायामाच्या, पहाटे उठण्याच्या आणि काटकसरीच्या शपथा घेतात. पहिल्या दोन्ही शपथा चार दिवसांत मोडतात. तिसरीवर सल्लागाराचं पोट चालत होतं. घरोघरी जाऊन, बिलं तपासून, तो खर्च कमी करून देई.

या घराचा पत्ता मात्र त्याने फोनवर दोनदा विचारून घेतला होता. साहेबांचं घर! ज्यांच्या हाताखाली त्याने बावीस वर्षं मान मोडून काम केलं आणि ज्यांनी एका डिसेंबरअखेरीस 'खर्चकपात' एवढं एकच कारण देऊन त्याला घरी बसवलं, ते साहेब. पत्रासोबत नव्या वर्षाची डायरीही दिली होती. तिच्यात लिहायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, एवढंच.

बाई साहेबांच्या पत्नी, पण त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. धोका होता तो साहेबांचा. त्यांनी ओळखलं, की हाताशी आलेला सूड दारातूनच परत.

"साहेबांचे बूट. वर्षाला तीन जोड?"

"एक करा."

"एकही जास्तच होतो हो. जुन्यांना तळवे लावले की झालं."

"लावू. आणि हा मालिशवाला?"

"पाठ काय, भिंतीला घासली तरी मोकळी होते."

"खरंच की! माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

भाबड्याच आहेत बिचाऱ्या, सल्लागाराला वाटलं. एक बिल संपलं, की "आणखी?" म्हणत स्वतःच दुसरं पुढे सरकवत होत्या. मध्येच त्याला त्यांची दया आली. पण दया हाही खर्चच, म्हणून त्याने तो टाळला.

तेवढ्यात साहेब खोलीत आले. सल्लागाराची पेन्सिल जागच्या जागी थांबली.

"हे कोण?"

"घरखर्च कमी करून देतात," बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. बावीस वर्षं रोज सकाळी ज्याचा नमस्कार घेतला, त्या चेहऱ्याकडे.

"उत्तम! कापताना हात कचरता कामा नये, बरं का. ऑफिसात मी तेच करतो. माणूस बघायचाच नाही." आणि मोबाइल कानाला लावून ते आत निघून गेले.

ओळखलं नाही! खरं तर सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. मग सल्लागाराने साहेबांचं काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. ड्रायव्हर गेला, संध्याकाळची बाटली गेली, मित्रांबरोबरची सहल गेली. उद्यापासून साहेब बसच्या रांगेत उभे! त्याच्या काळजाला गार वाटलं.

"वाचलेले पैसे कुठे वळवू?"

"माझ्या खात्यात," बाई म्हणाल्या. "सध्या तरी."

त्यांनी फीचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि पर्समधून एक दुमडलेला कागद काढला. साहेबांचं अक्षर त्याने लांबूनच ओळखलं. कामावरून काढलेल्यांची यादी. वरच्या तीन नावांवर आधीच खुणा होत्या. चौथं नाव त्याचं होतं. बाईंनी त्यावर शांतपणे खूण केली.

"म्हणजे... तुम्ही मला ओळखत होता?"

"अहो, जाहिरात बघून कुणाला बोलावलं असतं, तर त्याने निम्मं तरी ठेवलं असतं. इतकं मन लावून कोण कापणार होतं?" बाईंचं बोट पाचव्या नावावर गेलं. "तुमच्या कंपनीच्या कायदा खात्यातल्या बाई. हल्ली घटस्फोटाचे खटले चालवतात. खाली थांबल्यात, जाता जाता तेवढं त्यांना वर पाठवा. सगळ्यात मोठा खर्च अजून आतल्या खोलीत फोनवर बोलतोय."