समुद्राकडची कड

"पोरीले काही विचाराचं असंन तर विचारू द्या," असं देवीदासमामांनी म्हटलं ते केवळ म्हणायचं म्हणून. अशा वेळी मुली मान हलवून नाही म्हणतात, पोह्यांच्या रिकाम्या बशा उचलतात आणि आत जातात. सौंसरच्या त्या बैठकीत मंगलाने मान वर केली.

"तुम्ही पुन्याले नेमकं काय करता?"

तिचे वडील दादाराव खोकले. त्या खोकल्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळायचा. मागच्या खेपेला आलेल्या वीज मंडळाच्या ओव्हरसीअरला तिने असंच विचारलं होतं, संध्याकाळी दिवे मंद का होतात म्हणून. उत्तर त्याला आलं नाही, राग तेवढा आला, आणि दुसऱ्याच दिवशी नकाराचा निरोप. पण मंगला काही सुधारली नव्हती. लोधीखेड्याच्या शाळेत ती गणित शिकवायची. मुलाचा पगार, रंग, उंची यांचं तिला फारसं पडलेलं नव्हतं. न येणारा प्रश्न समोर आला की हा माणूस काय करतो, एवढंच तिला बघायचं होतं. जन्म काढायचा होता ना त्याच्याबरोबर!

समोर बसलेला सुखदेव मूळचा तिगावचा, या देवीदासमामांचा, आपल्या मामाचा, हात धरून मुलगी पाहायला आलेला.

"भरतीचं गणित करून राहिलो," तो म्हणाला. "खाडीत पानी कसं चढते, कसं उतरते, ते कॉम्प्युटरवर मांडायचं."

त्या खोलीत त्याच्याशिवाय कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि कॉम्प्युटर तर फक्त पेपरात वाचलेला. दादारावांनी समजल्यासारखी मान डोलावली. मंगलाचं तेवढ्याने भागेना.

"पन मांडता कसं?"

सुखदेवने इकडेतिकडे पाहिलं. मग चहाच्या ट्रेमधले कप काढून त्याने तो ट्रे जमिनीवर ठेवला आणि तांब्यातलं पाणी त्यात ओतलं. दारात उभ्या असलेल्या मंगलाच्या आईने डोळे मोठे केले. तो मात्र बाह्या सारून खुशाल खाली बसला.

"ही समजा खाडी. हिचे चौकोन पाडायचे. एका चौकोनातलं पानी कळलं का शेजारच्याचं कॉम्प्युटर काढते. तीन बाजूले जमीन, तिथं भिंत सांगायची. पन ही चौथी कड समुद्राची. इथं आपला नकाशा संपते, समुद्र नाही संपत. त्याच्या पलीकडचं कॉम्प्युटरले काय मालूम? ते आपनच सांगायचं. आता पानी एवढं, मंग एवढं."

त्याने आपल्याकडची ती समुद्राची कड जराशी उचलली आणि खाली ठेवली. एक लाट निघाली, समोरच्या कडेला धडकली, परत फिरली. सुखदेवच्या कडेला येऊन आपटली आणि तिथूनही पुन्हा उलटी गेली.

"हे काय?" मंगला म्हणाली. "इकडं भिंत नाही म्हनता ना तुम्ही? मंग बाहेर जायला निघालेली लाट तिथून वापस काऊन आली?"

दादाराव आता दोनदा खोकले. मंगला ट्रेकडे बघतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

सुखदेवने कान खाजवला. "काऊन येते ते मालूम आहे. ती कड आमी पक्की बांधून टाकतो. सांगितलं तेवढंच पानी तिथं. मंग आतून आलेल्या लाटेले जायले जागाच राहत नाही. पन त्याच्यावर करायचं काय, ते मले नाही येत. कितीक महिने झाले, याच्यातच अडकलो." हे सांगताना त्याचा चेहरा मात्र उजळला होता, घरातल्या आजारी माणसाची कोणीतरी आपणहून चौकशी करावी तसा. "तुम्ही काय केलं असतं?"

असं मंगलाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. पाहायला आलेली मुलं तर सोडाच, हेडमास्तरांनीही नाही. तिला फार बरं वाटलं. पदर खोचून ती खाली बसली. सुखदेवने ट्रे फिरवला आणि समुद्राची कड तिच्याकडे केली.

"तुम्ही समुद्र धरा. मी आतून लाट सोडतो."

दोघांनी ट्रे जमिनीपासून जरा वर धरला. लाट जवळ येताच मंगलाने आपली कड खाली झुकवली. पाणी काठावरून फरशीवर सांडलं.

"गेली! नाही आली वापस!"

"गेली खरी. पन अशी कड सोडून देली तर माही भरती आत कोन आननार?"

मंगला थांबली. "म्हंजे येनारं पानी येऊ द्यायचं, जानारं जाऊ द्यायचं. एकाच दारातून."

"अन् एकाच टाइमाले."

"थांबा. परत करू."

सांडलेलं पाणी वाहत देवीदासमामांच्या खुर्चीपर्यंत गेलं. त्यांनी पाय वर घेतले, घड्याळ पाहिलं आणि ते पाणी चुकवत उभे राहिले. "चाल सुखदेव, पांढुर्ण्याची बस जाईन. पोरगी पाहून झाली." मग दादारावांकडे वळून म्हणाले, "काय ते कळवू."

'कळवू'चा अर्थ दादारावांना पाठ होता. ते ऐकलं की ते उठायचे, हात जोडून जयभीम करायचे आणि पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून यायचे. आजही ते अर्धे उठले. त्यांची नजर खाली गेली. "हलवू नका ना! मी म्हनीन तवा सोडा," मंगला दटावत होती, आणि पुण्याचा तो साहेब मुकाट्याने ट्रे धरून तिच्या हुकमाची वाट बघत होता.

दादाराव पुन्हा खुर्चीत बसले.

"बसा देवीदासजी," ते म्हणाले. "आमच्या पोरीचं पाहनं व्हायचं हाये अजून."