डावा पाय

नवी ऑटोमॅटिक गाडी सिग्नल सुटला की हिसके द्यायला लागली, तेव्हा नवऱ्याने चौकशीही न करता निकाल लावला, "गिअरबॉक्सची वाट लावलीस तू. तुझ्या हातात गाडी दिली हेच चुकलं." किल्ली त्याच्या खिशात गेली आणि ती बसला लोंबकळत कामावर जाऊ लागली. वर्ष उलटलं. तिने स्टिअरिंगला बोटही लावलं नव्हतं, पण हिसके वाढतच गेले.

शेवटी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, तुम्हीच चालवा, मी शेजारी बसून बघतो." ती मागे बसली. दुसऱ्या वळणालाच मेकॅनिक वाकून नवऱ्याच्या पायांकडे बघायला लागला.

"अहो, तुमचा डावा पाय सारखा ब्रेकवर! क्लचच्या गाडीची सवय गेली नाही वाटतं. एक पाय पळवतोय, दुसरा अडवतोय, मग गिअरबॉक्स बिचारा काय करणार?"

वर्षभराने तिच्या जिवात जीव आला.

नवऱ्याने आरशातून तिच्याकडे रोखून पाहिलं. "ऐकलंस? तू गाडी चालवायचीस ना, तेव्हा शेजारी जीव मुठीत धरून बसायचो. तेव्हापासून लागलीय ही ब्रेक दाबायची सवय!"