शेपटीची फीत

"शेपटीला लाल फीत दिसली, तर तो घोडा लाथा मारतो. लांब राहायचं," असं गोवाल तोरणमाळला घोड्यावर बसणाऱ्या पर्यटकांना रोज बजावायचा. आज पुढे चाललेल्या दुसऱ्या घोडेवाल्याच्या, पवनच्या, नव्या घोड्याच्या शेपटीला तशीच फीत दिसली, पण हिला जरीची किनार होती. सारंगखेड्याच्या यात्रेतून गोवालनेच आपल्या बायकोसाठी हौसेनं आणलेली ती. कालच तिच्या वेणीत होती! पवनने मागितली असेल, की तिनेच स्वतःहून दिली असेल? गोवालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरुंद पायवाटेवर घोडी पुढे दामटून त्याने फितीला हात घातला आणि लाथ सणकन नडगीवर बसली. संध्याकाळी बायको पायाला हळद लावत होती, तेव्हा तो गुरगुरला, "पवनला फीत का दिलीस?" "लाथा मारतो त्याचा घोडा. घरात दुसरं लाल काही सापडेना. आणि त्याच्यामागे रोज तूच असतोस ना!"