दोन नंबरचं गोदाम

भाविक मांडीपर्यंत रुतला तेव्हाही हसत होता.

"फोटो काढ," तो म्हणाला. "ग्रुपवर टाकू. गोदामाचा मालक, चिखलाचा बाहुला."

रुचिकाने फोटो काढला. नारिंगी कयाकमध्ये ती एकटीच बसली होती, आणि कयाक चिखलावर टेकलं होतं; ते ढकलायलाच तो खाली उतरला होता. खाडीच्या या फाट्यात तासाभरापूर्वी हातभर पाणी होतं. आता चारी बाजूंना काळा, चकचकीत गाळ. दोन हातांवर निवट्या, चिखलातले ते बोटभर मासे, उड्या मारत होत्या. पलीकडे फ्लेमिंगोंचा थवा माना खाली घालून चरत होता. ते बघायलाच तर दोघं सकाळी निघाली होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण नवऱ्याचा अख्खा रविवार तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

भरतीची वेळ भाविकने आजोबांच्या रीतीने काढली होती. तिथीची पाऊणपट. त्रयोदशी, म्हणजे पावणेदहा. बारापर्यंत आरामात परत येऊ, असं त्याने छाती ठोकून सांगितलं होतं. आजोबांची रीत चुकीची नव्हती. पण त्यांच्या काळी या फाट्याचं तोंड चार होड्या शेजारी शेजारी जातील एवढं रुंद होतं. आता त्या तोंडावर भाविकचं दोन नंबरचं गोदाम उभं होतं, आणि उरलेल्या फटीतून पाणी कधी येतं, कधी जातं, याचा नेम राहिला नव्हता. सकाळी त्या निळ्या भिंतीजवळून जाताना भाविकने वल्ह्याने ती दाखवली होती. दाखवताना त्याचा आवाज चढला होता.

गोदामासाठी भराव टाकला तेव्हा आठ दिवस डंपर थांबले नव्हते, हे रुचिकाला आठवत होतं. तिवरं, जाळी सुकवायच्या काठ्या, काठावर पडलेलं बाकी सगळं खाली गेलं. "जुनं लाकूड होतं नुसतं," भाविक घरी म्हणाला होता. त्याच संध्याकाळी गावातले जुने कोळी सावळारामकाका अंगणात येऊन बसले. तिने चहा दिला. तो तसाच ठेवून ते उठून गेले. का आले होते, हे तिने विचारलं नाही. आपण कशाला विचारा, असं वाटलं तिला.

"अहो, बाबांना फोन करू?"

"अजिबात नाही. अख्खं गाव हसेल. भरती आली की आपोआप सुटेन मी."

तो धडपडला की आणखी खाली जात होता. ऊन चढलं, मग उतरायला लागलं. पाण्याची बाटली संपली. भाविकचं हसणं कधी थांबलं, ते तिला कळलंही नाही.

साडेचारला पाणी आलं. आधी गाळावर नुसती ओल, मग घोटाभर. बघता बघता कयाक तरंगलं. फ्लेमिंगो उडून गेले. भाविक मात्र सुटला नाही. कमरेपर्यंत गाळ होता, आणि आता गाळावरून पाणी पोटाला लागलं होतं. तिने त्याच्या काखेत हात घालून ओढलं, तर कयाकच कलंडायला लागलं.

"कर फोन," तो म्हणाला.

अग्निशमन दलाचा माणूस भला होता. पण पूर्णा गावापासून रस्त्यावर कंटेनरची रांग आहे, दीड तास तरी लागेल, म्हणाला. मग तिने सासऱ्यांना लावला. हिरामणांनी ऐकून घेतलं. फोन कानाला तसाच धरून ते पळत सुटल्याचं तिला ऐकू आलं.

पाणी छातीवर आलं. भाविकने कयाकची दोरी दोन्ही हातांत आवळली होती. त्याचे दात वाजत होते. एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

"सावळारामकाका! अगं, मी सात वर्षांचा होतो. इथंच रुतलो होतो. त्यांनी होडीतून फळी टाकली आणि एका दमात उपसून काढलं मला. त्यांना सांग, होडी घेऊन या म्हणावं. अर्ध्या तासात पोचतील!"

फोनमध्ये आवाज बदलला होता. हिरामण सावळारामकाकांच्याच दारात पोचले होते.

"बोल, सूनबाई," सावळारामकाका म्हणाले. "पानी कुटवर हाय?"

"छातीवर, काका."

"त्याला म्हनावं, उभा ऱ्हाऊ नको. मागं रेल, पाठीवर पड."

तिने सांगितलं. भाविक मागे रेलला. पाय हलले नाहीत. पाणी कानाशी आलं तसा तो घाबरून पुन्हा सरळ झाला.

"होत नाही, काका. ते म्हणतात, तुम्ही होडी घेऊन या. लवकर या, काका, तुमच्या पाया पडते."

 काकांच्या आवाजात राग नव्हता, हेच तिला सोसेना.

"आलो असतो, पोरी," सावळारामकाका म्हणाले. "पन गावात तेवडी एकच होडी उरली होती, आन ती दोन नंबरच्या गोदामाखाली हाय."