तुंबलेलं बेसिन

ढोल्याच्या लिव्हरवरची चरबी तशीच राहिली, तर त्याचा फायदा उघड होता: पोट फाडून बापाला लिव्हरचा तुकडा द्यायला नको. डॉक्टरांनी त्याचं गोड बंद करून व्हॅनिला चवीची अमिनो ॲसिडची पावडर दिली होती. दोन महिन्यांत चरबी उतरली, की ऑपरेशन. पठ्ठ्या रोज ती कालवून बेसिनमध्ये ओतायचा. शेवटी बेसिन तुंबलं. कावीळ चढलेला बाप, हाडाचा प्लंबर, धापा टाकत वाकला. “ढोल्या, पाना दे.” पाइपातून व्हॅनिलाच्या वासाचा पांढरा लगदा निघाला. बापाने तो हुंगला, कागदात गुंडाळला. “झालं मोकळं.” दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टर भडकले. “चरबी तसूभर हलली नाही! पावडर घेतली का?” बापच म्हणाला, “रोज घेतली हो, माझ्यासमोर. राहू द्या ऑपरेशन.” ढोल्या सुटला. महिन्याभरात बेसिन पुन्हा तुंबलं. पाना मागायला कुणी उरलं नव्हतं.