कुत्र्याचा निकाल

वर्ल्डकप तोंडावर आला होता आणि दोह्यातल्या कामगारांच्या कॅम्पात वेल्डर रंगनाथच्या खाटेखाली वीस लिटरच्या कॅनमध्ये बिअर फसफसत होती. नाचणीला मोड आणून, वाळवून, भरडून त्यानं ती पोटच्या पोरासारखी जपली होती. "नुसतं झाकण उघडलं ना, तर स्टेडियमचे दिवे झिंगतील," असं तो छाती ठोकून सांगायचा. शेजारच्या खाटेवरचा हरिदास मात्र दर खेपेचा पहिला ग्लास रिचवून म्हणायचा, "आंबील झकास झालीय, रंगा."

अशात एका सकाळी झडतीवाले आले, हुंगणारं कुत्रं घेऊन. बिअर सापडली की थेट गावाकडचं विमान! सगळ्या खोलीची पाचावर धारण बसली. कुत्र्यानं कॅनला नाक लावलं, एक जांभई दिली आणि पुढे निघून गेलं.

"खलास, सब ठीक," साहेब म्हणाला.

हरिदासनं घाम पुसला. "वाचलास लेका! कुत्रंसुद्धा आंबीलच म्हणालं."

रंगनाथचा चेहरा पडला. दुसऱ्या क्षणी तो कॅन खांद्यावर टाकून जिन्यावरून अनवाणी धावत सुटला.

"साब, रुको! कुत्तेको सर्दी है! एक बार फिरसे सुंघाओ!"