घरपोच

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहायचे. ऑनलाइन वाइन मागवायचा नाद त्यांना अलीकडेच लागला होता, आणि तीही सवलतीतली. चार दिवस राहायला आलेल्या लेकीला मात्र त्यांचं हे गणित काही केल्या उमगेना.

"बाबा, अख्खी पेटी घेतली तर निम्म्यात पडते. तुम्ही एकेक बाटली काय मागवत बसता?"

"मला एकेकच बरी," म्हणत बाबांनी तिच्यासमोरच पुन्हा एक बाटली मागवली.

बाटल्या घरपोच करणाऱ्या कंपनीवरही तिचा राग होता. फोनवर ती नेहमी ऐकायची, की पार्सल धड घरी येतच नाही. 'घरी कोणी नाही' असं सांगून ते दर वेळी खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे ठेवून जातात, आणि बाबांना दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून ते आणावं लागतं.

"या वेळी येऊ दे तर खरा तो पार्सलवाला. चांगला फैलावर घेते त्याला," ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. ती तरातरा उठली, तर बाबांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बेल पुन्हा वाजली. मग पावलं जिना उतरून गेली.

बाबा उठले. आरशासमोर उभं राहून त्यांनी केस विंचरले, इस्त्रीचा सदरा चढवला.


"पार्सल घेऊन येतो," ते म्हणाले. "जेवायला माझी वाट बघू नकोस."